घंटेची सुरी

गेल्या दिवाळीपासून आमच्या गावात माझी ओळख बदलली आहे. त्यापूर्वी लोक मला 'कादंबऱ्या लिहिणारे मास्तर' म्हणत. त्या कादंबऱ्या कोणी वाचलेल्या नव्हत्या, त्यामुळे ही ओळख मोठी सुखाची होती. आता मला 'घंटेची सुरी करणारे मास्तर' म्हणतात. ती सुरीही फारशी कोणी पाहिलेली नाही. पण न वाचलेल्या कादंबरीविषयी माणसे गप्प बसतात आणि न पाहिलेल्या सुरीविषयी मात्र भरभरून बोलतात, असा माझा अनुभव आहे. पारावर बोलणे झाले, केशकर्तनालयात झाले, एका लग्नाच्या पंगतीत तर मठ्ठा वाढता वाढता झाले. गणेशोत्सवात एका वक्त्याने माझे नाव न घेता माझा उद्धार केला. 'ज्या घंटेने आपल्याला सरस्वतीच्या मंदिरात बोलावले, तिची कोणी सुरी करतो काय!' असे ते कळवळून म्हणाले आणि टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे चार माजी विद्यार्थी होते.

दिवाळी अंकासाठी दरवर्षी माझ्याकडे कथा मागतात. या वर्षी मी कथा देत नाही, कैफियत देतो. वाचकहो, चकली मोडता मोडता ती वाचावी, कारण विषय माझ्या एकट्याचा नाही. दिवाळीच्या तोंडावर तुम्हीही माळा उपसला असेल, काशा-पितळेचा ढीग पडवीत मांडला असेल, आणि 'हे आता काढून टाका एकदाचे' असे कोणीतरी म्हटले असेल. ते भांडे आणि माझी घंटा एकाच तराजूत आहेत.

हकीकत थोडक्यात अशी. आमच्या शाळेच्या पडवीत काशाची एक जाड थाळी टांगलेली असे. तिलाच आम्ही घंटा म्हणत असू. लाकडी मोगरीचा टोला पडला की तिचा नाद ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत जाई आणि तिथून पोरे धावत सुटत. एका पावसाळ्यात साखळीचा दुवा झिजून तुटला, थाळी फरशीवर आदळली आणि काठापासून मध्यापर्यंत तडा गेला. त्यानंतर शिपाईमामा दोन वर्षे ती वाजवीत होते. पण नाद गेला तो गेलाच. फुटक्या रांजणावर काठी मारावी तसा थड् थड् आवाज येई. पुढे विजेची घंटा आली आणि थाळी मोडक्या बाकांच्या ढिगात जाऊन पडली. मग 'निरुपयोगी सामाना'ची यादी निघाली. तिच्यात नोंद होती : 'पितळी थाळी, फुटकी, नग एक.'

काशाच्या थाळीला पितळी म्हणणारी ती ओळ वाचली, आणि माझ्या या तथाकथित गुन्ह्याला तिथेच सुरुवात झाली. मोडवाला काटा घेऊन आला. थाळी दोन किलो भरली. त्याने जो भाव सांगितला तेवढेच पैसे मी भरले, पावती घेतली आणि थाळी घरी आणली. चांगली घंटा फोडली नाही, देवळातली उतरवली नाही. पावती अद्याप माझ्या कपाटात आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन पाहावी. चहा देईन.

आता माझ्यावर रुष्ट झालेल्या मंडळींचे तीन पक्ष आहेत. त्यांचा एकेकाचा परामर्श घेतो.

पहिला पक्ष वजनवाल्यांचा. यांना घंटेविषयी प्रेम नाही आणि सुरीविषयी रागही नाही. ते नुसते हसतात. 'मास्तर, दोन किलो भंगारापायी चार खेपा तालुक्याला घातल्यात, वर मजुरी मोजलीत. बाजारात सुरी चहाच्या पैशांत मिळते!' यांच्या लेखी धातू म्हणजे काट्यावरचा आकडा. या मंडळींना मी एक जुनी गोष्ट सांगतो, आणि ती आमच्याच जिल्ह्याची आहे. अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, १५४९ साली महंमद बिन हसन रूमी नावाच्या कारागिराने एक तोफ ओतली. तिचे नाव मलिक-ए-मैदान. वजन सुमारे पंचावन्न टन. तोंडाशी हत्तीला दातांत धरलेल्या हिंस्र पशूचा जबडा. धातू सुमारे चार भाग तांबे आणि एक भाग कथील, म्हणजे जवळजवळ घंटेचाच. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावर गेली आणि तिथून १६३२ साली विजापूरला. १८५४ साली इंग्रजी अमलात तिथल्या निकामी सामानाचा लिलाव पुकारला गेला, आणि या तोफेवर सर्वांत वरची बोली आली ती दीडशे रुपयांची! मी गणिताचाही तास घेतो, म्हणून हिशेब केला : टनामागे पुरते तीन रुपयेसुद्धा नाहीत. सुदैवाने कोणाला तरी शुद्ध आली, विक्री रद्द झाली आणि तोफ आज विजापूरच्या बुरुजावर उभी आहे. आमच्या यादीतली 'पितळी थाळी, फुटकी, नग एक' ही नोंद लिहिणारा कारकून आणि तो दीडशे रुपयांचा बोलीवाला हे एकाच घराण्यातले.

आणि तोफेपर्यंत तरी कशाला जायचे? तुमच्या माळ्यावरचा जुना तांब्या खाली घ्या. त्याच्या गळ्याखाली बारीक ठिपक्यांनी नाव घातलेले असेल. कोणा मामाने भाचीच्या लग्नात दिलेला, खाली तिथी किंवा सन. ते ठिपके तांबटाने एकेक करून ठोकलेले असतात. मोडीच्या काट्याला वाचता येत नाही. वाचता येते ते तुम्हाला. आणि तुम्ही वाचत नाही, हे माझे दुःख आहे. याच जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली झाडाचे मूळ उकरताना शेतकऱ्याला चार धातुशिल्पे सापडली : बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. मोडीत घातली असती तर त्याच दिवशी साठ किलोंचे पैसे मिळाले असते आणि साडेतीन-चार हजार वर्षांचा महाराष्ट्र एका मुशीत विरघळला असता.

दुसरा पक्ष पावित्र्यवाल्यांचा. गणेशोत्सवातले वक्ते या पक्षाचे. यांच्याशी माझे निम्मे मत जुळते, म्हणून भांडण जास्त आहे. चांगली, नाद देणारी घंटा वितळवू नये, हे मी त्यांच्याइतक्याच जोराने म्हणतो. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळावर घंटा आहे. ती १७२१ साली ओतलेली पोर्तुगीज घंटा. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्यानंतर अशा कितीतरी घंटा वर घाटावर आल्या आणि देवळादेवळांतून टांगल्या गेल्या. ते दिवस लढाईचे होते. तोफांना धातू हवा होता, आणि घंटेचा धातू तोफेला चालतो हे त्या मंडळींना चांगले ठाऊक होते. तरी शत्रूच्या देवाची घंटा त्यांनी आपल्या देवापुढे वाजती ठेवली. याच्या उलट दुसऱ्या महायुद्धात जर्मन सरकारने युरोपभरच्या देवळांतून घंटा उतरवून नेल्या आणि दीड लाखाच्या आसपास घंटा वितळवून टाकल्या. पाप म्हणायचे तर ते.

पण माझी घंटा वाजत नव्हती हो! तडकलेले काशे सहजासहजी सांधता येत नाही, म्हणजे सांधले तरी नाद परत येईलच असे नाही. काशात कथील भरपूर असते आणि थंड असताना ते काचेसारखे ठिसूळ असते. एकदा तडा गेला की टोल्यागणिक तो वाढत जातो. अशा घंटेला जुना संस्कार सांगितला आहे : पुन्हा मुशीत जाणे. एका गृहस्थाने सुचवले की, भंगलेली मूर्ती आपण पाण्यात सोडतो, तशी घंटा विहिरीत सोडायची होती. उत्तम! दोन किलो चांगला धातू गाळात टाकायचा आणि आपण पुण्य केले म्हणून घरी येऊन जेवायचे. हे पुण्य मला परवडत नाही.

बरे, घंटेचे दुसरे काहीही केले असते तर चालले असते, 'पण सुरी?' असा दुसरा आक्षेप. सुरी म्हणजे हिंसा. मी विचारतो, खंडेनवमीला आपण काय करतो? कोयता, विळी, करवत, कात्री धुऊन पुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतो. घरात पाट एकच असतो. ज्या पाटावर काल विळी होती त्यावर आज पाटी येते, आणि सरस्वती रागावल्याचे ऐकिवात नाही. आपल्या आजीची सारी हयात विळीवर बसून गेली. तिला कोणी हिंसक म्हटले नाही. उलट तिने चिरलेल्या भाजीवर आपण वाढलो.

तिसरा पक्ष मात्र मला सर्वांत अवघड गेला, कारण तो माझ्या बाजूचा आहे. माझी कीर्ती पसरली तसे तीन तरुण घरी आले. हौशी होते, हुशार होते. 'सर, आम्हालाही जुन्या काशाची सुरी करायची आहे. अगदी प्राचीन काळासारखी!' एकाने पिशवीतून धातू काढून माझ्यापुढे ठेवला. त्याच्या आजीची काशाची थाळी होती. मी बोटाने टिचकी मारली. ती इतका वेळ घुमत राहिली की आम्ही चौघेही गप्प झालो. मी म्हटले, 'बाबा, ही जिवंत आहे. हिची सुरी करायची म्हणजे वासराची वहाण करण्यासारखे आहे. वहाण मेलेल्या गुराच्या कातड्याची करतात.' थाळी मी परत पाठवली. ते तरुण खट्टू झाले. कदाचित तेही आता टाळ्या वाजवणाऱ्यांत असतील. पण या पक्षाशी मी वाद घालीत नाही, त्यांना शिकवतो. मोडीतल्या धातूची सुरी करायची तर आधी धातू ओळखावा लागतो, आणि ते काम हौसेवर होत नाही.

काशे, पितळ, तांबे हे शब्द आपण वाटेल तसे वापरतो. तांब्यात जस्त घातले की पितळ होते, कथील घातले की कांस्य. शेकडा दहाच्या आसपास कथील असेल तर कांस्य चिवट असते, ठोकले तर सोसते. बावीसच्या आसपास असेल तर ते आपले वाटीचे, थाळीचे, टाळ-घंटेचे काशे : नाद गोड, रंग फिका, स्वभाव तडकू. ते थंड ठोकले तर फुटते; म्हणून वाटी करणारा कारागीर ते तांबडेलाल तापवूनच ठोकतो आणि मग पाण्यात बुडवतो. पोलाद तापवून बुडवले तर कडक आणि ठिसूळ होते. काशाची रीत उलटी, बुडवल्याने त्याचा ठिसूळपणा कमी होतो. धातूधातूचा स्वभाव आहे. वर्गातल्या पोरांचा असतो तसाच. सर्वांना एकच छडी लावणारा मास्तर आणि सर्व धातूंना एकच भट्टी लावणारा हौशी, दोघेही नुकसान करतात.

मोडीत तर आणखी कायकाय येते! यंत्राचे जुने बुश येतात; त्यांत धातू घसरता राहावा म्हणून पुष्कळदा शिसे घातलेले असते, आणि शिसे अन्नाजवळ येता कामा नये. नळाच्या तोट्या येतात, त्या पितळेच्या. पितळ जास्त तापले की जस्त जळून पांढरा धूर सुटतो, आणि तो छातीत गेलेल्या माणसाला रात्री हुडहुडी भरून ताप येतो. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत ठिणगी पडू नये म्हणून कांस्याची व तत्सम धातूंची हत्यारे वापरतात. तीही कधी मोडीत निघतात; पण त्यांपैकी काहींत बेरिलियम असते, आणि त्याची धूळ फुप्फुसाचा कायमचा घात करते. कानशीने घासून 'रंग तर सोनेरी आहे' म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसते. म्हणून त्या तरुणांना मी पहिला धडा दिला : जो धातू कोठून आला हे सांगता येत नाही, तो मुशीत जायचा नाही. आणि दुसरा : घरच्या गच्चीवर मूस पेटवायची नाही. साचा किंचित ओला राहिला तरी तापलेला रस वाफेने उसळून तोंडावर येतो. ओताऱ्याकडे जा. पाय धरा. तो सांगेल तसे करा.

मी तेच केले. आमच्या तालुक्याच्या गावी एक ओतारीमामा आहेत. त्यांच्या वडिलांनी देव ओतले, आजोबांनी घंटा ओतल्या. मामांच्या वाट्याला पंपांचे बुश आले. मी थाळी पुढे ठेवली तेव्हा त्यांनी ती हातात घेतली, तड्याची कड पाहिली. आतला पांढुरका करडा कण पाहून म्हणाले, 'काशे आहे, चांगले आहे. पण मास्तर, हे असेच ओतले तर तुमची सुरी पाटावर पडून फुटेल. तांबे वाढवावे लागेल.' मी मोठ्या दिमाखाने खडू काढला. दोन हजार ग्रॅम काशे, शेकडा बावीस कथील, म्हणजे चारशे चाळीस ग्रॅम. ते शेकडा दहावर आणायचे तर एकूण वजन चार हजार चारशे हवे. म्हणजे तांबे दोन हजार चारशे ग्रॅम घालावे. मामा भिंतीवरच्या आकड्यांकडे पाहून नुसते 'बरं' म्हणाले. जळालेल्या पंपाच्या मोटारीची तार आणली, तिच्यावरचा लेप काढून साफ केली. आधी तांबे वितळवले, वर कोळशाची पूड टाकली, आणि मग काशाचे तुकडे सोडले; कथील आधी घातले तर जळते. एक लहानशी कांडी ओतून मामांनी ऐरणीवर धरली आणि हातोडा मारला. कांडी तडकली! माझे गणित बरोबर होते; थाळीत कथील शेकडा बावीसच असेल हे गृहीत चुकले होते. मामांनी भिंतीकडे न पाहता मुशीत आणखी पावशेर तांबे टाकले. दुसरी कांडी वाकली, तुटली नाही. मी खडू खिशात ठेवला.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मेणाचा नमुना करून, त्यावर माती लिंपून, मेण काढून धातू ओतण्याची रीत सांगितली आहे. मामांनी तो ग्रंथ पाहिलेला नाही. त्यांनी मेण घेतले, मुठीच्या तोंडाशी बसणारी कडी वळली, माती लिंपली आणि त्या ग्रंथातली रीत माझ्यासमोर पार पाडली. आपण संस्कृतीवर व्याख्याने देतो तेव्हा ती कोठल्या गल्लीत कोळशाने काळी होऊन बसली आहे याची चौकशी करीत नाही.

आता प्रश्न धारेचा. 'कांस्याला धार लागते का?' हे मला शंभर जणांनी विचारले. लागते. चीनमधल्या हूपेई प्रांतात १९६५ साली एका थडग्यात कांस्याची तलवार सापडली. राजा गौजिआनची ती तलवार सुमारे अडीच हजार वर्षांची, आणि सापडली तेव्हाही तिची धार शाबूत होती. मीही हट्टाने एक अख्खे पाते ओतवून घेतले. कांस्याला पोलादासारखे तापवून-बुडवून पाणी देता येत नाही. त्याला धार येते ती थंड ठोकण्याने. कड ठोकायची, ती ताठर झाली की मंद लाल तापवून पुन्हा मऊ करायची, पुन्हा ठोकायची; शेवटचे ठोकणे मात्र थंडच ठेवायचे आणि मग दगडावर लावायची. शिकलगारदादांनी दोन दिवस खपून ते पाते तयार केले. त्याने केळे कापले, काकडी कापली, टोमॅटोही साल न चुरडता कापला. मी विजयी मुद्रेने पाहू लागलो. मग दादांनी भोपळा पुढे केला. तीन भोपळ्यांत धार बसली.

हे मी लपवीत नाही. कडक पोलादाच्या मानाने ठोकलेल्या कांस्याचा कठीणपणा सुमारे एक तृतीयांश. शिवाय आंबट लागले की तांब्याचा धातू कळकतो; ताक पितळीत ठेवू नये हे घरच्या बायकांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक असते. कैरी कापून तसेच ठेवलेले माझे पाते दुसऱ्या दिवशी हिरवट झाले होते. म्हणून प्राचीन काळाच्या नावाने अख्खी कांस्याची सुरी विकणाऱ्या हौशी मंडळींना माझे सांगणे आहे : ते पाते भिंतीवर शोभेल, स्वयंपाकघरात पाते पोलादाचेच हवे. कांस्याची जागा मुठीत. तिथे ते गंजत नाही, घामाने खराब होत नाही, पाते आणि लाकूड यांची सांगड घट्ट धरून ठेवते, आणि हाताला भार बरोबर देते. आम्ही तेच केले. जुन्या करवतीच्या पोलादाची सहा पाती, बाभळीच्या लाकडाच्या मुठी, आणि मुठीच्या दोन्ही टोकांना घंटेच्या धातूची कडी. सातवे, अख्खे कांस्याचे पाते मी वर्गात ठेवले आहे. कांस्य म्हणजे काय, हे मुले आता पुस्तकात वाचत नाहीत, हातात धरतात.

आणि त्या सहा सुऱ्या कोठे आहेत? माझ्या घरी एकही नाही. त्या शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत आहेत. दोन मावशी रोज तिथे दीडशे पोरांची भाजी चिरतात. आधी त्यांच्याकडे पत्र्याच्या सुऱ्या होत्या. मूठ निखळे, पाते फिरे, बोट कापे. एका मावशीच्या अंगठ्यावर तीन टाके पडले होते. त्या टाक्यांवर पारावर चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. फुटकी घंटा मोडक्या बाकांत पडली होती तेव्हाही कोणी हळहळले नव्हते. मोडवाल्याच्या काट्यावर चढली तेव्हाही नाही. ती कामाला लागली, तेव्हा मात्र सर्वांना तिचे पावित्र्य आठवले!

माझे खरे भांडण इथे आहे. आपण वस्तूला एक तर वजन समजतो किंवा देव समजतो. काम करणारी वस्तू आणि ती घडवणारा माणूस, यांच्याकडे पाहायला आपल्याला फुरसत नाही. मोडीचे पैसे मोजून घेताना आपण रुपया सोडत नाही, आणि ओताऱ्याची मजुरी मात्र आपल्याला डोईजड वाटते. मामांचा मुलगा ट्रक चालवतो. शिकलगारदादांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे. त्यांनी तसे करू नये असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्या बापाला आपण वर्षभरात काम किती दिले, एवढेच आपण आपल्याला विचारावे. मामांनी माझ्याकडून मजुरी घेताना म्हटले, 'मास्तर, घंटेचे काशे मुशीत घातले त्याला पंधरा वर्षे झाली होती. हात विसरला असेल असे वाटले होते.' हात विसरला नव्हता. अजून पंधरा वर्षांनी आठवायला हातच नसेल.

म्हणून या दिवाळीत माझे मागणे अगदी लहान आहे. मी मॅट्रिक झालेला मास्तर. मोठ्या योजना मला सुचत नाहीत. पडवीतला ढीग बाहेर काढाल तेव्हा चार वाटण्या करा. ज्याच्यावर नाव, सन, अक्षर असेल ते बाजूला ठेवा. ते वाचा, घरातल्या मुलांना वाचून दाखवा. जे धड आहे ते वापरा. काशाच्या वाटीने आईचे पाय चोळायला मुहूर्त लागत नाही. जे गळके, चेपलेले असेल ते तांबटाकडे न्या. पुण्याची तांबट आळी, नाशिक, भंडारा इथे अजून हातोडे वाजतात. आणि जे खरोखरच फुटले आहे, ज्याचा नाद गेला आहे, त्याला मोडीत घालण्यापूर्वी एखादा ओतारी शोधा. अर्धे विका हवे तर, अर्ध्याचे काही करवून घ्या : सुरीच्या मुठीची कडी, अडकित्ता, दाराची कडी. त्या कारागिराची मजुरी घासाघीस न करता द्या.

ज्यांचा राग अजून गेला नसेल त्यांनी मधल्या सुट्टीच्या आधी आमच्या शाळेत यावे. पोषण आहाराच्या खोलीत मावशी कांदा चिरीत असतील. सुरी मागून घ्यावी, मुठीचे कडे अंगठ्याने चाचपून पाहावे, दोन कांदे चिरावेत. डोळ्यांत पाणी येईल ते कांद्याने की आणखी कशाने, हे मी विचारणार नाही.

आणि घरी परतल्यावर, मोडवाल्याला हाक मारण्यापूर्वी, त्या जुन्या भांड्याला बोटाने एक टिचकी मारून ऐकावे.